खनिज गावचे, निर्णयही गावाचाच हवा

खाण आली की गाव आपोआप सुधारते, हा दावा वस्तुस्थितीला धरून नाही. रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जमा होते. गावाच्या वाट्याला उखडलेले रस्ते आणि लाल धुळीने माखलेली भातशेती येते. म्हणूनच खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के, तर लिलावातील पट्ट्यांच्या १० टक्के इतकी रक्कम खाणपट्टाधारकाला बाधित भागासाठी या प्रतिष्ठानाला द्यावी लागते. मात्र तिची सूत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी हलतात.

सूत्रे गावाकडेही देता येतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभाच देते आणि विक्रीचा पैसा तिच्याच हाती येतो. खनिज निधीच्या खर्चातही ग्रामसभेचा शब्द अखेरचा असावा.

– एक वाचक