कॉलेजला किती सांगायचं?

मुलगी रोह्याहून पेणच्या कॉलेजला जाते-येते. तिला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. कॉलेजला हे सांगावं का, असं एका आईनं मला विचारलं. घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, गावभर होईल, उद्या स्थळं बघायची आहेत. आईला धास्ती आहे ती हजेरीची. मुलीला काय वाटतं, हे मात्र तोवर कोणी विचारलं नव्हतं.

वडिलांची भीती खोटी नाही. रोहा, नागोठणे, कासू, पेण, एकाच गाडीला अर्धा वर्ग असतो. ऑफिसातला क्लार्क कोणाचा तरी मामेभाऊ निघतो, ग्रंथपालबाईंचं माहेर आपल्याच आळीत असतं. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून आपली माणसं मानसोपचारासाठी थेट पनवेल नाहीतर ठाणे गाठतात. त्यात पैसा जातो, दिवस जातो, आणि पुढची तारीख हळूहळू चुकायला लागते.

कायदा या भीतीची दखल घेतो, पण अर्धीच. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या 23 व्या कलमानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्यांना गुप्तता पाळायला बांधून घेतलं. ते बंधन डॉक्टरांवर आहे. स्टाफरूममध्ये चहा पिताना विषय काढणाऱ्या प्राध्यापकाला ते कलम आडवं येत नाही. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर किंवा ऑफिसच्या खिडकीत आजाराचं नाव लिहून द्यावं, या मताचा मी मुळीच नाही. तो कागद किती हातांतून जाईल, ते आपल्या हाती राहत नाही.

तरीही कॉलेजला काहीच सांगू नये, हेही मला पटत नाही. नैराश्याची औषधं पहिल्या दिवशी गुण देत नाहीत, फरक जाणवायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला काही जणांना झोप अनावर होते. सकाळची गाडी चुकते, पहिलं लेक्चर बुडतं, जर्नल अपुरं राहतं. सत्रातला दीड महिना असाच गेला, तर मुंबई विद्यापीठाची 75 टक्के हजेरी कुठून भरणार? मग डिफॉल्टर म्हणून नाव फलकावर लागतं. आजार लपवायचा म्हणून गप्प बसलेल्या घरावर तेव्हा सगळ्यांसमोर कारण सांगायची वेळ येते.

पेणमध्ये आणखी एक अडचण आहे. गणपतीच्या आधीचे महिने पोरं वर्गात दिसली नाहीत, की मूर्तींच्या कारखान्यात रंगकामाला लागली असतील, असं सगळे धरून चालतात. हमरापूर-जोह्याच्या कितीतरी मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण त्याच महिन्यांत एखादा मुलगा घरी भिंतीकडे तोंड करून पडून असेल, तर त्याची गैरहजेरीही त्याच हिशेबात जाते. शिक्षक वाईट नसतात. त्यांना कळायला मार्गच नसतो.

तेव्हा सांगावं, पण एका माणसाला आणि गरजेपुरतं. नॅक मूल्यांकनाच्या निमित्तानं बहुतेक कॉलेजांत मेंटॉर शिक्षकांच्या याद्या झाल्या आहेत. त्यातल्या किंवा त्याबाहेरच्या, मुलीला भरवशाच्या वाटणाऱ्या एका शिक्षकांना भेटावं. विद्यार्थिनीवर वैद्यकीय उपचार चालू आहेत आणि अमुक काळ तिला नियमित येणं जमणार नाही, एवढंच लिहून द्यायची विनंती डॉक्टरांना करता येते. निदानाचं नाव त्यात घालू नका असं सांगता येतं. पत्रात मागणं स्पष्ट असावं: हजेरीत सवलत, इंटर्नलची दुसरी तारीख, प्रॅक्टिकलसाठी मुदत. हे सत्र सुरू असतानाच द्यावं, परीक्षेच्या तोंडावर नको.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही आहे, पण बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. नैराश्यातून काही महिन्यांत सावरणारी बहुतेक मुलं त्यात बसणार नाहीत. त्यांची भिस्त शिक्षकांच्या समजूतदारपणावरच आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या राष्ट्रीय पुरस्कारविजेत्या चित्रपटात नैराश्यानं खचलेल्या तरुणाला आसरा देणारी बाई त्याला खोदून खोदून विचारत नाही. कॉलेजांकडून मला तेवढंच हवं आहे.

आता तर त्यांच्यावर जबाबदारीही आली आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणारी 17 वर्षांची मुलगी गेली. तिचे वडील न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. त्या खटल्यात जुलै 2025 मध्ये न्यायालयानं सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावलेले हवेत. आपल्या कॉलेजात यातलं काय झालंय, हे पालकसभेत उभं राहून विचारा. हा प्रश्न विचारायला आपल्या मुलाचं नाव घ्यावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र मी कसलीही तडजोड मान्य करणार नाही. मुलगा किंवा मुलगी जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तिथे अब्रू आणि स्थळं बाजूला ठेवायची. त्यांना एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यायचं, आणि दिवसभर ज्यांच्या नजरेसमोर ती असतात त्या शिक्षकांनाही सांगायचं. 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केला. तो रात्रंदिवस चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ताई, तुमच्या लेकीला अठरा पूर्ण झाली आहेत, तेव्हा हा निर्णय तिचा आहे. अकरावी-बारावीत असती तर तुम्हालाच जावं लागलं असतं, पण तेव्हाही तिला विचारूनच. कोणत्या बाईंना सांगितलेलं चालेल, हे आज तिला विचारा. पत्र तिच्या सहीनं जाऊ द्या, आणि तिला हवं असेल तर त्या दिवशी तिच्याबरोबर गाडीनं पेणला जा.