विकण्यापूर्वी झाकण उघडा



मे महिना अर्ध्याहून अधिक सरला होता. शाळा उघडण्यास थोडेच दिवस उरले होते आणि आमच्या वाडीतील निम्म्या मुलांचे गणवेश शेजारच्या वहिनींच्या घरी कापून ठेवलेले होते. अशा ऐन वेळी वहिनी एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. हाती एक छापील कागद होता. “भाऊजी, एवढी सही करता का?” असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

कागद जामिनकीचा होता. पती निवर्तल्यापासून ज्या शिवणयंत्रावर वहिनींनी संसार ओढला, ते पायाने चालवायचे काळे यंत्र तीन दिवसांपासून अडून बसले होते. चाक हलेना, सुई उतरेना. बाजारातील एका दुकानदाराने येऊन यंत्रावर नुसता हात फिरविला आणि “हे आता झिजले, मोडीत द्या” असे सांगितले. मोडीची किंमत वजा करून नवे विजेचे यंत्र बारा हप्त्यांनी द्यावयास तो तयार होता. फक्त जामीन हवा होता. वहिनींचा मुलगाही म्हणू लागला, “आई, त्या लोखंडाचा मोह किती दिवस धरणार?”

सही करण्यास माझी ना नव्हती. परंतु लेखणी उचलताना मला माझेच एक जुने कृत्य आठवले. आमच्या मातोश्री देवाघरी गेल्यावर त्यांचे असेच एक जड यंत्र मी काढून टाकले आणि हलके, सुबक, नव्या धाटणीचे यंत्र घरी आणले. दोन वर्षांत त्याच्या आतील प्लॅस्टिकचे एक दातेरी चाक मोडले. ते चाक कोठेही मिळेना. आज ते यंत्र माळ्यावर आहे, आणि मातोश्रींचे यंत्र कोणाच्या घरी आहे हे मला ठाऊक नाही. विकण्यापूर्वी मी त्याचे झाकणसुद्धा उघडून पाहिले नव्हते.

म्हणून मी वहिनींना म्हटले, “सही सोमवारी करतो. त्यापूर्वी यंत्र एकदा उघडून पाहू.”

शनिवारी संध्याकाळी आम्ही यंत्र अंगणात आणले. लागले ते इतकेच: एक मोठा व एक लहान स्क्रू-ड्रायव्हर, जुना दात घासावयाचा ब्रश, चिमटा, फाटक्या धोतराचे तुकडे, वाटीभर रॉकेल आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी. वहिनींच्या मुलाला मी एक काम सांगितले. प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वी त्याने आपल्या मोबाईलने त्या भागाचे छायाचित्र घ्यावे आणि काढलेले भाग क्रमाने थाळीत मांडावेत. उघडण्यापेक्षा जोडणे अवघड असते, आणि जोडताना स्मरणशक्ती बहुधा दगा देते. ही छायाचित्रे पुढे फारच उपयोगी पडली.

प्रथम सुई अगदी वर घेतली. चाक हलत नसल्यास ते बळाने फिरवू नये. सुईच सोडवून काढावी. मग बॉबिनची डबी बाहेर काढली, शटलच्या दोन्ही बाजूंच्या कळा फिरवून पुढचे कडे उतरविले आणि अर्धचंद्राकृती शटल हलकेच ओढून घेतले. पाहतो तो काय, शटलच्या खोबणीत दोऱ्याचा गुंता चेपून बसलेला आणि सर्वत्र पिवळट, चिकट राळ साचलेली! मी वहिनींकडे पाहिले. त्या ओशाळून म्हणाल्या, “यंत्राचे तेल संपले होते. दोन-तीन वेळा खोबरेल घातले खरे.”

यात वहिनींना दोष कोण देईल? पुष्कळ घरांत हेच होते. स्वयंपाकाचे अथवा डोक्याचे तेल आरंभी यंत्राला हलके करते. परंतु ते हवेने घट्ट होते, त्यावर कापसाची धूळ बसते आणि वर्षभरात त्याचा लुकण होतो. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल तसे जमत नाही. एका लहान कुपीचा खर्च वाचवावयास जावे, आणि बारा हप्ते पदरी पडावे, असा हा व्यवहार आहे.

सांध्यासांध्यांतून रॉकेलचे थेंब सोडले व यंत्र तसेच ठेवले. येथे एक सूचना विसरू नये: हे काम उघड्यावर करावे, जवळ चूल, दिवा किंवा विडी असू नये; यंत्राला मोटार असल्यास तिची वायर आधी भिंतीतून काढावी. दुसरा दिवस रविवारचा. तो प्रभूचा दिवस. त्या दिवशी हत्यारे पेटीतच राहिली. सोमवारी सकाळी चाकाला हात लावला तो ते कुरकुरत अर्धा फेरा फिरले. आणखी रॉकेल, आणखी पुसणे, आणि तासाभराने चाक मोकळे झाले. मग सर्व रॉकेल पुसून, वाळू देऊन, प्रत्येक छिद्रात तेलाचे दोनच थेंब सोडले आणि जादा तेल निघून जावे म्हणून प्रथम चिंधीवर शिवून पाहिले. शटलचे टोक मात्र बोथट झाले होते व दोरा तोडीत होते. वहिनींचा मुलगा दुपारच्या गाडीने बेळगावास गेला आणि नवे शटल व सुयांचे एक पाकीट घेऊन आला. अशा जुन्या काळ्या यंत्रांपैकी बहुतेक एकाच नमुन्यावर घडविलेली असतात. लुधियानासारख्या ठिकाणी त्यांचे सुटे भाग आजही तयार होतात. म्हणून एका यंत्राचा भाग दुसऱ्यास बहुधा बसतो. सारा खर्च नव्या यंत्राच्या एका हप्त्याइतकाही झाला नाही, आणि गणवेश शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांच्या अंगावर होते.

आता आपल्या घरी उपयोगी पडाव्यात म्हणून काही गोष्टी सांगतो. या यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, शटलचे टोक त्याचा फासा पकडते आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरविते. दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या मधोमध पडली म्हणजे टीप चांगली. हे ध्यानी ठेवले की बहुतेक दोष आपोआप उमगतात.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर आपण बॉबिनला बोल लावतो. परंतु दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापडावरील पाय उचलून दोरा पुन्हा ओवावा. टाके सुटत असतील तर सुई वाकलेली, बोथट किंवा उलटी बसविलेली असते. सुईला एका बाजूस लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवावयाचा, त्या बाजूस ती खाच यावी. साध्या सुती कापडास १४ क्रमांकाची, जाड कापडास १६ क्रमांकाची आणि फार जाड कापडास १८ क्रमांकाची सुई घ्यावी. कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालची पत्री काढून दात्यांमधील कापसाची धूळ ब्रशने काढावी. चाक फिरते पण सुई हलत नाही, असे झाल्यास घाबरू नये: बॉबिन भरताना चाकाच्या मध्यावरील जो गोल स्क्रू आपण सैल करतो, तो पुन्हा घट्ट करावयाचा राहिला असेल. आणि चामडी पट्टा सैल होऊन घसरू लागल्यास नवा आणण्याची घाई नको. त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा.

हे साधे दिसणारे यंत्र मनुष्याला सुखासुखी लाभलेले नाही. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. परंतु पोटावर पाय येईल या भीतीने इतर शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे १८५१ साली घेतले. आपल्या देशात १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास उषा यंत्रे बनू लागली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते, कारण ते माणसाचे श्रम हलके करते.

तेव्हा नवे यंत्र घेणे पाप आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्या भगिनीचे गुडघे दुखतात, तिने जुन्याच यंत्राला लहान मोटार बसवून घ्यावी. जिला पिको किंवा काजे करून चार पैसे अधिक मिळवावयाचे आहेत, तिला तिरपे टाके घालणारे यंत्र हवेच. परंतु घेण्यापूर्वी दुकानात उभे राहून तीन प्रश्न अवश्य विचारावेत. जुन्याने न होणारे कोणते काम हे नवे करील? साध्या स्क्रू-ड्रायव्हरने ते उघडते काय? आणि त्याचा मोडलेला भाग आपल्या बाजारात मिळतो काय? हेच प्रश्न मिक्सरला, पाण्याच्या पंपाला आणि मोबाईललाही लागू आहेत. बटणांच्या साध्या फोनची बॅटरी पुष्कळदा आपण हाताने बदलू शकतो. आजच्या बहुतेक स्मार्टफोनांत ती आत बंद केलेली असते व कारागिराकडे जावे लागते. ज्याला जे काम पडते, त्याने ते घ्यावे; मात्र जाणून घ्यावे. सर्वांत वाईट सौदा तो, जो दुसऱ्याच्या जामिनकीवर आणि झाकण न उघडता केला जातो.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात यापो नगरातील टबीथेची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा स्त्रिया रडत पेत्रापाशी उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. तिच्या भक्तीविषयी त्यांना जे सांगावयाचे होते, ते त्यांनी हातात धरले होते. वहिनींच्या घरी भिंतीवर एक छायाचित्र आहे. त्यात पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या वाडीतील मुली ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक पांढरे झगे याच यंत्रावर शिवलेले आहेत. ते मोडीच्या भावाने जाणार होते.

तो कागद वहिनींनी परत नेला. सही झाली नाही. त्यांचा मुलगा आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेलाची कुपी घेऊन बसतो, आणि परवा तर तो विचारीत आला, “काका, तुमच्या माळ्यावरचे ते यंत्र एकदा उघडून पाहू का?” मोडलेले चाक मिळेल किंवा न मिळेल. मी त्याला किल्ली दिली आहे.