सोन्याच्या गावची माती

खानदेशातील माणसाला सोन्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. जळगावच्या सराफ बाजाराचा शुद्धतेबद्दलचा लौकिक साऱ्या महाराष्ट्रात आहे. लग्नसराईत धुळे, नंदुरबार, बुलढाणा येथूनच नव्हे, तर बऱ्हाणपूरकडूनही कुटुंबेच्या कुटुंबे तेथे येतात. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाख रुपयांचा आकडा ओलांडला, तेव्हा आमच्या चावडीवर कापसाच्या भावाची चर्चाही क्षणभर मागे पडली. परंतु हे सोने जमिनीतून वर कोणी काढले, कोणत्या मजुरीवर काढले आणि ते काढणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पेढीवर कोणी विचारीत नाही. तागडीत पडलेल्या सोन्याला घामाचा वास राहत नाही. मार्क्सने वस्तूच्या ज्या मोहिनीचे विवेचन केले, तिचे याहून चकचकीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

उत्तर शोधू पाहणाऱ्याने भुसावळला कर्नाटक एक्सप्रेस पकडावी, बंगळूर गाठावे आणि तेथून बंगारपेटमार्गे मारीकुप्पमला जाणाऱ्या गाडीत बसावे. प्रस्तुत लेखकाने अलीकडेच ही वाट धरली. कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन अशी स्थानके मागे पडतात आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंचीवरच्या खडकाळ टेकड्यांमध्ये कोलार गोल्ड फील्ड्स हे गाव लागते. ज्या कोलार प्रांतात एके काळी शहाजीराजांची जहागीर होती, तोच हा मुलूख. गावात शिरताच नव्या माणसाला दिसतात ते सपाट माथ्याचे, फिकट रंगाचे, उघडेबोडके डोंगर. हे निसर्गाचे डोंगर नव्हेत. सव्वाशे वर्षे खडक दळून, सायनाइडच्या पाण्यात त्यातील सोने विरघळवून घेतल्यावर जे पीठ उरले, त्याचे हे ढिगारे आहेत. वारा सुटला की ते पीठ उडते आणि ज्या घरांतील माणसांनी तो खडक फोडला, त्याच घरांत जाऊन बसते.

या गावाचा इतिहास थोडक्यात असा. लेफ्टनंट वॉरन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील गावकरी माती धुऊन सोने काढतात हे नोंदवून ठेवले होते. ते वाचून लॅव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश शिपायाने १८७३ मध्ये म्हैसूर सरकारकडे खाणीचा परवाना मागितला. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने सूत्रे हाती घेतली आणि पुढची पाऊणशे वर्षे येथील सोने विलायतेच्या भागधारकांना लाभांश पुरवीत राहिले. खाणींना वीज हवी म्हणून १९०२ मध्ये शिवसमुद्रच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती जवळजवळ दीडशे किलोमीटर दूर येथे आणण्यात आली. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी! चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि जगातील अतिखोल खाणींत तिची गणना झाली. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह याच खोलीत वातावरणातील न्यूट्रिनो टिपले. विज्ञानाच्या इतिहासात हे गाव कायमचे राहील.

परंतु त्या खोलीत रोज उतरत होते ते कोण? बहुसंख्येने उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ मुलखांतून आलेले भूमिहीन दलित. गावातील जमीनदाराच्या वेठीतून सुटण्यासाठी ते खाणीच्या तोंडाशी आले. साहेबांसाठी क्लब होता, गोल्फचे मैदान होते, बागांनी वेढलेले बंगले होते; मजुरांसाठी बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांच्या आणि पुढे एकेका खोलीच्या रांगा होत्या. सोन्याची चोरी होईल या धास्तीने कामावरून सुटणाऱ्या मजुराची अंगझडती घेतली जाई. १९३० मध्ये कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घेण्याचे ठरविले, तेव्हा आपल्याला गुन्हेगार ठरविण्याचा हा डाव आहे हे त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी बरोबर ओळखले आणि सारे काम बंद पाडले. पोटाच्या प्रश्नाइतकाच मानाचा प्रश्न कामगाराला रस्त्यावर आणतो, हे आपल्या चळवळीने येथून शिकण्यासारखे आहे.

अंगझडतीत सापडत नव्हती अशी एक वस्तू मात्र मजूर रोज घरी नेत होता. ती म्हणजे छातीत साठलेली खडकाची धूळ. १९४० ते १९४६ या काळात येथील ७,६५३ कामगारांची तपासणी झाली. त्यांपैकी ३,४०२ जणांना, म्हणजे शंभरातील जवळजवळ चव्वेचाळीस जणांना, सिलिकोसिस असल्याचे आढळले. आपल्या देशात या रोगाची पहिली मोठी नोंद झाली ती याच गावात. हा रोग बरा होत नाही. काम सोडल्यावरही तो वाढतो आणि क्षयाला वाट करून देतो. लंडनच्या ताळेबंदात नफ्याचा आकडा होता; फुप्फुसांच्या झिजेचे खाते त्यात कधीच उघडले गेले नाही.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने या खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. समाजवाद्यांनी या राष्ट्रीयीकरणाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. कामगारांना कायम नोकरी, मुलांना शाळा आणि आजाऱ्याला खाणीचे मोठे रुग्णालय मिळाले. पण मालक बदलला तरी हिशेबाची रीत बदलली नाही. अनेक वर्षे सरकारने या खाणींचे सोने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अधिकृत दराने, म्हणजे औंसाला ३५ डॉलर या हिशेबाने घेतले. त्या काळी मुंबईच्या बाजारातील भाव त्याच्या दुपटीच्या आसपास होता. निम्म्या किमतीत माल घ्यावयाचा आणि मग कारखाना तोट्यात आहे असे म्हणावयाचे, या न्यायाने कोणता धंदा नफ्यात येईल? तोटा खाणीत जितका होता, तितकाच तो कागदावरही होता.

तरीही विरोधकांचा युक्तिवाद प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ते म्हणतात, आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने देणारा खडक अखेरीस तीन-चार ग्रॅम देऊ लागला होता. इतक्या खोलीवरून तो वर काढण्याचा खर्च भावापेक्षा अधिक होता. मग खाण किती दिवस चालवावयाची? यात तथ्य आहे. खनिज संपते. कोणतीही खाण अमर नसते आणि केवळ नोकऱ्या टिकाव्यात म्हणून माणसांना तीन किलोमीटर खोल उष्णतेत, स्फोटांच्या सावटाखाली पाठवीत राहावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न खाण बंद करण्याचा नसून ती कशी बंद केली, याचा आहे. ती एक दिवस बंद होणार हे शंभर वर्षे ठाऊक होते. असे असताना तिच्या उत्पन्नातील एक वाटा दरवर्षी बाजूला काढून त्यातून नवे उद्योग, ढिगाऱ्यांवर झाडी, आजाऱ्यांना निवृत्तिवेतन ही तरतूद का झाली नाही? लंडनच्या कंपनीने ती केली नाही हे समजू शकते. लोकशाही सरकारनेही ती केली नाही, हे मात्र अक्षम्य आहे.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सोन्याचा भाव त्या वेळी गेल्या वीस वर्षांतील तळाजवळ, औंसाला तीनशे डॉलरच्याही खाली होता. २०२५ मध्ये तो तीन हजारांच्या पुढे गेला. उपसण्याचे यंत्र थांबले, खाणींत पाणी भरले, रुग्णालयही बंद पडले. कामगारांच्या घराघरांतील तरुण मुले-मुली पहाटेची गाडी पकडून बंगळूरला जातात आणि रात्री परततात. ज्या गावाने त्या शहराआधी विजेचा दिवा पाहिला, ते गाव आता त्याला स्वस्त मजूर पुरविते.

हे चित्र आपल्याला परके वाटू नये. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांनी हीच कथा सुताच्या रूपाने पाहिली आहे. साने गुरुजी ज्या अमळनेरच्या कामगारांत वावरले, त्यांच्या नातवंडांना आज सुरत, नाशिक, पुणे येथे काम शोधावे लागते. खानदेश मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. कारखाना मेला की यंत्रे भंगारात जातात, माणसे रस्त्यावर येतात आणि जमिनीचा भाव वाढतो. या तिहेरी नियमाला आजवर अपवाद आढळलेला नाही.

सोन्याच्या धोरणाचा भार नेहमी हाताने काम करणाऱ्यावरच पडतो, हेही आपल्या भागाने अनुभवले आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध दागिने घडविण्यास बंदी झाली. साठेबाजांची तिजोरी शाबूत राहिली. देशभर सोनारांच्या भट्ट्या मात्र विझल्या आणि अनेक कारागिरांनी आत्महत्या केल्या. पुढे बंधने सैल होत गेली आणि १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच रद्द झाला. पण जी घरे मोडली ती मोडलीच.

कोलारच्या खाणींनी आपल्या साऱ्या आयुष्यात दिले ते सुमारे ८०० टन सोने. आज आपला देश जवळजवळ तेवढेच सोने एका वर्षात विकत घेतो, आणि त्यातील फार मोठा भाग परदेशांतून येतो. म्हणजे कोलारसारखी गावे संपलेली नाहीत. ती घाना, पेरू, दक्षिण आफ्रिका येथे आहेत, आणि तेथेही कोणाची तरी छाती भरत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ते सायनाइडचे ढिगारे आज पुन्हा मोलाचे झाले आहेत. त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माती असून तिच्यात अजूनही सोन्याचा अंश आहे. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने तेरा ढिगाऱ्यांच्या लिलावाच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. आपल्या सराफ बाजारांत झारेकरी लोक पेढ्यांसमोरची धूळ झाडून, धुऊन तिच्यातील कण वेचतात आणि पोट भरतात. ती धूळ त्यांची, कारण ती झाडण्याचे कष्ट त्यांचे, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. मग कोलारची धूळ कोणाची? ज्यांनी ती श्वासावाटे घेतली, त्यांचा तिच्यावर हक्क नाही काय?

तेव्हा आपल्या पक्षाने आणि कामगार संघटनांनी तीन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, या ढिगाऱ्यांतून निघणाऱ्या सोन्याच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा जुन्या कामगारांची घरे आणि उपचार यांसाठी कायद्याने राखून ठेवावा. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद झाली आहे. तिच्यातील रॉयल्टीचा तुटपुंजा अंश येथे पुरेसा नाही. दुसरी, राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी मदत व निवृत्तिवेतनाचे धोरण आखले, तसे धोरण प्रत्येक राज्यात, महाराष्ट्रातही, व्हावे. आपल्याकडील दगडखाणी आणि क्रशरवरील मजूर हीच धूळ खात आहेत. तिसरी, कारखाना असो वा खाण, ती सुरू असतानाच तिच्या अखेरीची तरतूद नफ्यातून करण्याचे बंधन मालकावर, मग तो सरकार का असेना, घालावे.

ही तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे, कारण ती नफ्याच्या मुळाशी हात घालते. तिच्यासाठी कर्नाटकातील साथींची वाट पाहण्याचे कारण नाही. जळगाव आणि धुळे येथील औद्योगिक वसाहतींतून आज चालू असलेल्या कारखान्यांच्या दारांवर ती मांडता येईल. भोंगा बंद पडल्यावर सभा घेण्याची आपल्याला सवय झाली आहे. भोंगा वाजत असतानाच ही सभा झाली पाहिजे.