योगाने निर्णय सुधारतात का?

२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन आला की योगाच्या फायद्यांची यादी लांबत जाते. पाठदुखी, रक्तदाब, मधुमेह यांच्या जोडीला आता ‘निर्णयक्षमता’ही आली आहे. नोकरदारांसाठीच्या शिबिरांच्या जाहिरातींत हा शब्द हमखास दिसतो. त्याला शास्त्रीय आधार किती?

आधार आहे, पण मर्यादित. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३० तरुणींनी एकदा २० मिनिटे हठयोग केला, तर एकदा तितकाच वेळ ट्रेडमिलवर व्यायाम. योगानंतर त्यांनी चाचण्यांतील प्रश्न अधिक वेगाने आणि अचूक सोडवले. त्याच विद्यापीठाच्या पुढच्या अभ्यासात ११८ प्रौढ व ज्येष्ठ होते. काहींनी आठ आठवडे हठयोग केला, इतरांनी स्नायू ताणण्याचे व बळकटीचे व्यायाम. योग करणाऱ्यांची कामगिरी सुधारली. ताणाच्या प्रसंगी त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरकही तुलनेने कमी वाढले.

या चाचण्यांत नेमके काय मोजले? एकाच वेळी चार गोष्टी ध्यानात धरणे आणि मनात आलेली पहिली प्रतिक्रिया आवरणे. निर्णय घेताना या दोन्ही क्षमता लागतात. ‘बँकेतून बोलतोय, लगेच ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर क्षणभर थांबणारा माणूस वाचतो. घाबरलेल्या मेंदूला हे थांबणेच जड जाते. योगातील संथ श्वास आणि एकाग्रता यांचा सराव इथे उपयोगी पडत असावा.

पण संगणकावरच्या चाचणीतले गुण म्हणजे व्यवहारातले शहाणपण नव्हे. योग करणारे गुंतवणूक, उपचार किंवा नोकरीचे निर्णय अधिक चांगले घेतात, असे या अभ्यासांनी तपासलेलेच नाही. शिवाय, आपण योग करत आहोत हे सहभागींना ठाऊक असते; त्या अपेक्षेचाही परिणाम होतो.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले, ते योगाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्यासाठी. दाव्याआधी मोजमाप, हा त्यांचा आग्रह आजही लागू आहे.

तेव्हा रोज थोडा वेळ योग जरूर करावा. मात्र ‘आता योग करतो, मग गोळ्या कशाला?’ हा निर्णय आसनावर बसून परस्पर घेऊ नये. त्यासाठी डॉक्टरांनाच विचारावे.