काल्पनिक लढाईचा पंचनामा

जी लढाई कधीं झाली नाहीं, जो किल्ला पृथ्वीच्या कोणत्याही नकाशावर नाहीं आणि ज्या सेनापतींस आईबापांनीं नव्हे तर एका कादंबरीकारानें जन्म दिला, त्या लढाईंत घोडदळ कोठें उभें करावयास हवें होतें, यावर शहाणींसुरतीं माणसें महिनोन्महिने वाद घालतात असें सांगितलें, तर घरांतील वडील मंडळी प्रथम हंसतील. परंतु असा वाद झाला खरा. आणि तो इतक्या हिरिरीनें झाला कीं सैन्यांतून निवृत्त झालेले अधिकारी व प्राचीन युद्धांचे अभ्यासकही त्यांत उतरले. या मंडळींस रिकामटेकडीं म्हणून सोडून देणें मला उचित वाटत नाहीं. त्यांच्या भांडणाच्या तळाशीं साहित्यशास्त्रांतील एक फार जुना प्रश्न दडलेला आहे.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही एचबीओ या अमेरिकन वाहिनीची मालिका 17 एप्रिल 2011 रोजीं सुरू झाली आणि 19 मे 2019 रोजीं संपली. तिचीं पर्वें आठ, भाग 73. मूळ कथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील. त्यांतील पहिली 1996 सालीं निघाली. दूरचित्रवाणीसाठीं तिचें रूपांतर डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या दोघांनीं केलें. वेस्टेरोस नांवाचें एक कल्पित खंड, त्यांतील सात राज्यें, एका लोखंडी सिंहासनासाठीं चाललेली भाऊबंदकी, आणि उत्तरेस बर्फाची एक प्रचंड भिंत. त्या भिंतीपलीकडे नाइट किंग, म्हणजे मेलेल्यांस उठवून त्यांचें सैन्य करणारा निशाराजा. हें सारें आजोबा-नातवंडांनीं एकत्र बसून पाहावें असें मात्र नाहीं; कित्येक प्रसंगीं वडीलधाऱ्यांनीं उठून जाणेंच बरें. तथापि तिच्यांतील लढायांची चर्चा माजघरांत करावयास कांहीं हरकत नाहीं.

वादाचें मुख्य कारण 28 एप्रिल 2019 रोजीं दाखविलेला शेवटच्या पर्वांतील तिसरा भाग. विंटरफेलच्या किल्ल्यावर निशाराजाचें सैन्य चालून येतें आणि सर्व जिवंत माणसें आपसांतील वैरें बाजूस ठेवून एकत्र उभीं राहतात. मिगेल सापोच्निक या दिग्दर्शकानें हा भाग रचला. त्याच्या चित्रीकरणास उत्तर आयर्लंडांतील कडाक्याच्या थंडींत 55 रात्री लागल्या. एवढा खटाटोप करून पडद्यावर काय दिसलें? बऱ्याच जणांस कांहीच दिसलें नाहीं. चित्र फार काळोखें आहे अशी पहिली ओरड झाली. ज्यांस दिसलें त्यांनीं डोक्यास हात लावला.

समोर काळोख, शत्रु किती व कोठें याचा पत्ता नाहीं, आणि लढाईच्या आरंभींच दोथ्राकींचें सारें घोडदळ त्या काळोखांत भरधाव सोडून दिलें! त्यांच्या पेटत्या तलवारींचे ठिपके एकामागून एक विझत गेलेले दिसतात. दृश्य म्हणून तें अंगावर कांटा आणणारें आहे, हें कबूल. परंतु घोडदळाचें काम बगलेवर आघात करणें, टेहळणी करणें, पळणाऱ्याचा पाठलाग करणें हें असतें. ज्या शत्रूस भयच ठाऊक नाहीं त्याच्यावर समोरून घोडे घालून काय साधणार? पुढें पाहावें तर मोठमोठे धोंडे फेकणारीं यंत्रें पायदळाच्याही पुढें मांडलेलीं. तीं एक-दोन वेळां चाललीं आणि मग तीं कोठें गेलीं तें कोणीं विचारूं नये. खंदक खणला तो सैन्याच्या पुढें नव्हे, तर पाठीमागें. त्यामुळें माघार घेणाऱ्यांस आपलाच खंदक ओलांडणें भाग पडलें. तटावर उभें राहून ज्यांनीं लढावयाचें ते अन्सलीड नांवाचे शिस्तबद्ध भालाईत उघड्या मैदानांत, आणि तट बहुतेक मोकळा.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत युद्धाचा विचार केला आहे. घोडे, हत्ती, रथ व पायदळ यांनीं कोणत्या भूमीवर कोणतें काम करावें, हें तो वेगवेगळें सांगतो. शिवाय राजानें व्यूहाच्या पाठीमागें दोनशें धनुष्यांच्या अंतरावर राखीव सेनेसह उभें राहावें, आणि अशी राखीव सेना नसेल तर युद्धच करूं नये, असा त्याचा दंडक आहे. तिला तो ‘प्रतिग्रह’ म्हणतो. फुटलेलें सैन्य पुन्हां सांवरून धरतो तो प्रतिग्रह. विंटरफेलच्या युद्धमंडळांत हें एवढें सांगणारा एकही मनुष्य नसावा, हें त्या प्रेक्षकांस सहन झालें नाहीं.

आतां यावर एक ठराविक उत्तर मिळतें. जेथें ड्रॅगन उडतात आणि मढीं चालतात तेथें तुम्ही खंदकाची जागा काय मोजतां? हें उत्तर चटकदार आहे. पण तें खरें नाहीं. मारुतीनें समुद्र उल्लंघिला हें आपण लहानपणीं एका घासासरशीं मान्य केलें. तोच मारुति परत येतांना नांव मिळाली नाहीं म्हणून लंकेच्या किनाऱ्यावर अडून बसला असें आजीनें सांगितलें असतें, तर मांडीवरच्या पोरानेंही तिला अडविलें असतें. कथेंतील अद्भुत गोष्ट आपण एकदां स्वीकारतों ती एका अटीवर, कीं तिच्यापुढील हिशेब चुकणार नाहीं. ड्रॅगन आहे हें मान्य. पण ड्रॅगन आहे तर शहाणा सेनापति तो कसा वापरील, हा प्रश्न अद्भुताचा नव्हे, व्यवहाराचा आहे.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा लागतो, आणि वाद घालणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तो घेतला नाहीं. लढाईंत चूक झाली म्हणजे कथाच चुकली असें होत नाहीं. सेनापति चुकूं शकतो. चुका होतात म्हणून तर महाकाव्यें निर्माण होतात. चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक असून बाहेर पडणें ठाऊक नसलेल्या सोळा वर्षांच्या अभिमन्यूस युधिष्ठिरानें आंत पाठविलें, ही रणनीतीच्या दृष्टीनें घोर चूक होय. पण व्यासांस युद्ध कळत नव्हतें असें कोणी म्हणत नाहीं. कारण अभिमन्यु स्वतः आपली उणीव आधीं बोलून दाखवितो. पांडव त्याच्या पाठोपाठ शिरण्याचें वचन देतात. आणि जयद्रथ शंकराच्या वराच्या बळावर तो एक दिवस त्यांस अडवून धरतो. प्रत्येक कडी दुसरींत अडकविलेली आहे. चूक पात्राची आहे, आणि ती चूक आहे हें कवीस पुरें ठाऊक आहे.

याच मालिकेंत याचें एक उत्तम उदाहरण आहे. 19 जून 2016 रोजीं दाखविलेल्या भागांत जॉन स्नो व रॅम्सी बोल्टन यांची लढाई आहे. रॅम्सी जॉनच्या धाकट्या भावास मैदानांत मोकळा सोडतो आणि पाठीमागून बाण मारतो. भाऊ डोळ्यांदेखत पडतो. जॉनचें भान सुटतें, तो एकटाच पुढें धांवतो, आणि त्यास वांचविण्यासाठीं त्याचें सैन्य ठरलेला बेत मोडून त्याच्यामागें जातें. मग ढालींची भिंत चहूंकडून आवळत येते. ख्रिस्तपूर्व 216 मध्यें कॅनी येथें हॅनिबॉलनें रोमन सैन्यास असेंच वेढलें होतें, आणि निर्मात्यांनीं तो आधार घेतल्याचें सांगितलें आहे. जॉन येथें ढोबळ चुकतो; पण भाऊ मरतांना पाहणारा तो जॉन असाच चुकेल. त्याची बहीण सान्सा आदल्या रात्रीं त्यास बजावते कीं रॅम्सी डाव टाकील. चूक आधीं दाखविली, मग घडविली. त्याच भागांतील दुसरी गोष्ट पाहा: सान्सानें दुसऱ्या सैन्याची मदत मागितली असतां ती भावास सांगितली कां नाहीं? याचें उत्तर आजतागायत कोणास धड देतां आलेलें नाहीं. तेथें चूक सान्साची नसून लेखकाची आहे, अशी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

मालिकेच्या आरंभीं हें असें नव्हतें. पहिल्या पर्वांत राजास राजधानींतून विंटरफेलास यावयास एक महिना लागतो, आणि ती दूरता सर्वांच्या वागण्यांत जाणवते. नेड स्टार्कसारखा नायक 2011 सालीं पहिल्याच पर्वांत मारला जातो, कारण त्यानें शत्रूस आपला बेत आधीं सांगितला. त्याचा मुलगा रॉब विवाहाचें वचन मोडतो आणि 2013 सालीं त्याचा भयंकर मोबदला भरतो. चुकीस क्षमा नाहीं, नायकासही नाहीं, हा धडा या मालिकेनें प्रेक्षकांच्या मनावर वर्षानुवर्षें ठसविला. थोडक्यांत, हिशेब ठेवावयास तिनेंच शिकविलें. पुढें त्याच प्रेक्षकांनीं वही उघडून जमाखर्च विचारला, तर त्यांस कूपमंडूक म्हणणें शोभत नाहीं.

2011 सालीं मार्टिन यांची पांचवी कादंबरी निघाली, आणि पुढें मालिका ग्रंथांच्याही पुढें गेली. मग अंतरें आटूं लागलीं. ऑगस्ट 2017 मधील एका भागांत भिंतीपलीकडे अडकलेल्यांपैकीं एक तरुण धांवत परत येतो, तेथून पक्ष्याबरोबर पत्र जातें, खंडाच्या दूरच्या बेटावरून राणी ड्रॅगनवर बसून येते, आणि तोंवर इकडचे वीर गोठल्या तळ्यांत तसेच उभे! तेव्हांचे दिग्दर्शक ॲलन टेलर यांनीं वेळेचा हिशेब जरा धूसर ठेवल्याचें मोकळेपणें मान्य केलें. 2019 च्या मे महिन्यांत राणीच्या ड्रॅगनवर शत्रूच्या आरमारानें अचानक मारा केला, तेव्हां तर बेनिऑफ यांनीं खुलासा केला कीं राणीस त्या आरमाराचा जणूं विसर पडला होता. आदल्याच बैठकींत ज्याची चर्चा झाली त्याचा विसर! शाळेंत एवढ्यावर मुलास बांकावर उभें करीत असत.

आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत काव्यदोषांचे दोन प्रकार केले आहेत. एक अव्युत्पत्तीचा, म्हणजे लोकव्यवहार व शास्त्र ठाऊक नसल्यामुळें झालेला. दुसरा अशक्तीचा, प्रतिभाच उणी पडल्यामुळें झालेला. पहिला दोष कवीच्या शक्तीनें झांकून जातो. दुसरा तात्काळ उघडा पडतो. या वादाची किल्ली मला येथें दिसते. 2012 मधील ब्लॅकवॉटरच्या लढाईंत, जिची पटकथा स्वतः मार्टिन यांचीच, कादंबरींत नदीच्या मुखाशीं ओढलेली मोठी सांखळी गाळली होती. तिच्यावांचून शत्रूचें आरमार कोंडणार कसें, असा प्रश्न ग्रंथ वाचलेल्यांनीं केलाही. पण हिरव्या अग्नीचा तो लोळ, आणि बुटका टिरियन भेदरलेल्या सैनिकांपुढें उभा राहून बोलतो तो प्रसंग, यांपुढें सांखळी कोणाच्या फारशी ध्यानांत राहिली नाहीं. दोष तेव्हांही होते, पण त्यांवर पांघरूण होतें. तें ओढलें गेलें तेव्हां लोक यंत्रांचीं चाकें मोजूं लागले.

शेवटचें पर्व नव्यानें करा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. हें मात्र मला आवडलें नाहीं. वाचकास दोष दाखविण्याचा अधिकार आहे. ग्रंथ पुन्हां लिहून मागण्याचा नाहीं.

आमच्या घरीं हा वाद जेवणाच्या पंक्तीस बराच रंगला. नातवांनीं वाट्या-भांडीं मांडून विंटरफेलचा व्यूह दुरुस्त केला, आणि तो वाईट नव्हता. निदान त्यांत राखीव सेना होती. घोडे व यंत्रें यांचें सर्व झाल्यावर माझी नात, जी इतका वेळ वाढीत होती, म्हणाली, “आजोबा, शत्रु मढीं उठवितो हें जॉननें हार्डहोमला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें ना? मग बायका-मुलांना लपवायला त्यांनीं किल्ल्याखालचें तळघर निवडलें. तिथें तर सगळे पूर्वजच पुरलेले. टिरियनसारखा हुशार माणूस स्वतः आंत जाऊन बसला, आणि त्यालाही हें सुचलं नाहीं?”

नातवांनीं पुष्कळ उत्तरें दिलीं. तिनें भाताचें पातेलें उचललें आणि ती आंत गेली.