आकडा आला नाही म्हणजे हवा शुद्ध नव्हे

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे आणि पोलादाचे कारखाने आहेत. हवेला वास येतोय, हे बोईसरकरांना सांगायला यंत्र लागत नाही. पण नाकाची साक्ष कागदावर टिकत नाही. तिथे आकडाच लागतो. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांत आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत चोवीस तास मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले.

यंत्र मोजते, पण आकडा सर्व्हरपर्यंत पोहोचवतो तो त्याला जोडलेला छोटा संगणक. असे संगणक अनेकदा लिनक्सवर चालतात. नेटवर्कशी कसे जोडायचे, हे त्यांच्यात साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. त्यात मुख्य गोष्टी तीन : आयपी पत्ता, म्हणजे घर क्रमांक, गेटवे, म्हणजे गावाची वेस, आणि डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा जाणकार. राउटर बदलला आणि गेटवेची ओळ जुनीच राहिली, तर संगणक कारखान्यातल्या यंत्रांशी बोलत राहतो, पण आकडा वेशीबाहेर पडत नाही.

मग उत्तर मिळते, ‘नेटवर्क बंद होते.’ ते खरेही असेल. पण ते तपासता येते, हे आपण विसरतो. फाइल उघडून वाचता येते; ती शेवटची कधी बदलली, याची वेळ लिनक्स ठेवतो. संगणकात साठलेले आकडे जोडणी सुरू झाल्यावर पाठवता येतात. उबुंटूच्या ‘नेटप्लॅन’मध्ये तर ‘ट्राय’ ही आज्ञा आहे : नवा बदल १२० सेकंदांत पक्का केला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते.

माझे म्हणणे एवढेच : ही फाइल वाचू शकणारा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवा. बाहेरचा तंत्रज्ञ येईपर्यंत थांबणे परवडणारे नाही. चालू फाइलीची प्रत जपावी, बदल कोणी, कधी, का केला, याची नोंदवही ठेवावी. आयटीआयच्या मुलांना हे काही तासांत शिकवता येईल. ज्या दिवसाचा आकडाच नाही, त्या दिवशी कुणाचा दमा बळावला, तर तो दाद कशाच्या आधारे मागणार?