ओल रंगाने झाकू नका



गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे आमच्या मधल्या खोलीत धप्पकन आवाज झाला. छताचा परातीएवढा गिलावा खाली आला होता. सासूबाई रोज तिथेच चटई टाकून सामायिकाला बसतात. त्या नुकत्याच पाणी गाळायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या.

तो दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. आणि मी तीन वर्षं काय करत होते? पर्वात पाहुणे येणार म्हणून रंगाऱ्याला बोलावून छतावरचा पिवळा डाग पांढरा करून घेत होते. पुढच्या पावसात डाग पुन्हा हजर, आधीपेक्षा मोठा.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. ओलीवर रंग मारणं ही काटकसर नाही, आणि डागाला हात न लावणं ही अहिंसा नाही.

छताला बुरशी दिसली की आपल्यात एक वाक्य ठरलेलं असतं, "चातुर्मासात हात लावू नका, जीव मरतात." पण ज्या कारणाने आपण कांदा-बटाटा वर्ज्य करतो, तेच कारण बुरशीला लागू आहे. तीही अनंतकायच. पापडाला बुरशी धरू नये म्हणून आपण उन्हाळ्यात पापडांना कडक ऊन दाखवतो, पावसाळ्यात डबे उघडून बघतो. एवढी जपणूक डब्याची, आणि मुलं झोपतात तिथल्या छताची नाही? बुरशी आल्यावर पुसली तर हिंसा, सोडली तर ती वाढते आणि शेवटी पुसावीच लागते. हिंसा टाळायची असेल तर ती उगवण्याआधी. तत्त्वार्थसूत्रातल्या हिंसेच्या व्याख्येची सुरुवातच प्रमादापासून होते. गच्चीकडे न बघणं हा प्रमाद नाही तर काय?

आता पैशाचं. पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत गेलं की सळ्या गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. वरून रंग दिला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. आम्ही तीनदा रंगाचे पैसे दिले, आणि गच्चीचं काम शेवटी करावं लागलंच.

"शेवटचा मजला तुमचा, गळती तुमची," असं आम्हाला सोसायटीच्या सभेत ऐकवलं गेलं. हे खोटं आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते. त्या पाण्याने खराब झालेला वरच्या मजल्याच्या छताचा गिलावासुद्धा संस्थेच्याच खर्चात येतो. पण सभेला जातात पुरुष, आणि बादली ठेवतो आपण. क्षमावाणीला एकमेकींच्या दारी जाऊन हात जोडतो, पण "तुमच्या यजमानांनी गच्चीचा ठराव पुढे ढकलला," हे कुणी बोलत नाही. मीही बोलले नव्हते. यंदा बोलले. राग आला, पण ठराव झाला.

तुमच्याकडे डाग असेल तर आधी तो केव्हा वाढतो ते बघा. फक्त पावसात वाढत असेल तर वाट बहुधा गच्चीची. बारा महिने ओला असेल तर वरचं न्हाणीघर किंवा पाइप तपासा. काठीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला, किंवा तांबूस रेघ दिसली, तर खालचं अंथरूण त्याच दिवशी हलवा आणि पोकळ गिलावा गवंड्याकडून उतरवून घ्या. दिव्याच्या किंवा पंख्याच्या जवळ ओल असेल तर तिथली वीज बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आणि क्रम चुकवू नका. आधी वरून पाणी बंद, मग छत पूर्ण सुकू देणं, मग सळयांचा गंज घासून नवा गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी. गच्चीच्या कामाला अक्षय तृतीयेच्या आधी हात घाला. पावसाळी पाइपाच्या तोंडाचा कचरा काढा, कठड्याच्या बुडाशी गेलेल्या भेगा भरून घ्या, पाणी साचतं तिथला उतार सुधारा. मृग लागायच्या आत सगळं सुकलं पाहिजे.

यंदा आमच्या छताला अजून रंग दिलेला नाही. नव्या गिलाव्याचा करडा तुकडा तसाच दिसतो. पर्वात पाहुणे येतील, विचारतील. विचारू देत. त्याच्याखाली सासूबाई पुन्हा चटई टाकून बसतात.